पितळी पाटीवरची मोकळी जागा

व्यंकू,

परवा तुझ्या शोकसभेत मिलचे नवे मॅनेजर उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या साचेखात्यातला तो खास टेलिफोन ज्यांच्या डोक्यातून निघाला, त्या दत्तात्रेयरावांचे व्यंकटेश हे उजवे हात होते." मी पहिल्या रांगेत होतो. त्यांनी माझ्याकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. आणि मी काय केलं? हात जोडले.

तुझ्यामागे राहिलेल्या अंबूवहिनी पलीकडे सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

मग मला बोलायला सांगितलं. मी तुझे किस्से सांगितले. मिलचा भोंगा बिघडला तेव्हा तू छपरावर चढून पत्रा बडवलास आणि पाळी वेळेआधीच सोडून दिलीस, तो सांगितला. लोक हसले, लोकांनी डोळे पुसले. जिना उतरताना विणकरांवर देखरेख करणारा एक जॉबर म्हणाला, "लई मनापासनं बोललासा." मनापासून बोललो असतो तर त्यांनी मला त्या जिन्यावरून ढकललं असतं.

खरं सांगू? त्या हॉलमध्ये दुःखाच्या आधी मला हेवा वाटला. माणसं दारापर्यंत दाटून उभी होती. पहिल्या पाळीचे विणकर घरी न जाता तसेच आले होते, केसांत कापसाचं तूस घेऊन. मी गेल्यावर एवढी येतील का, याचा अंदाज मी तुझ्या फोटोसमोर बसून घेत होतो. तुझा दहावाही झाला नव्हता.

म्हणून हे लिहितो आहे. ज्या वर्तमानपत्राने माझा हार घातलेला फोटो छापला होता, त्यालाच हे देणार आहे. साचेखात्याला यातलं काही नव्याने सांगायला नको, त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही ते ऑफिसातले, शाळांतले आणि गावातले लोक वर्तमानपत्र वाचतात.

माझा हेवा आपल्या ओळखीइतकाच जुना आहे. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात आपण एकत्रच लागलो. तू सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराचा मुलगा, घरी तेलुगू बोलणारा. मी मास्तरांचा मुलगा, खिशाला पेन लावणारा. तू मोटरला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावायचास आणि जाहीर करायचास, "हिचं बेअरिंग चाललंय. दिवाळी बघत न्हाय ही." मग सगळ्या खात्याला ओरडून, "डॉक्टर हाय मी, डॉक्टर! फी काढा!" आणि चहाला निघून जायचास. मोटर उघडायची मी. बेअरिंग गेलेलंच असायचं. तू नसताना मीही कितीदा त्या मुठीला कान लावला. मला नुसती घरघर ऐकू यायची.

फोरमनची परीक्षा मी दिली. तू दिली नाहीस, कारण त्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ आला होता. मी फोरमन झालो तेव्हा तू सगळ्यांना पेढे वाटलेस, जणू तूच पास झालास. तेव्हाही मला वाटलं होतं, हा माझा आनंदसुद्धा माझ्यापेक्षा चांगला साजरा करतो.

माझ्याकडे एकच गोष्ट अशी होती जी तुझ्याकडे नव्हती. मी वाचत असे. टेलिफोनचा शोध कसा लागला, हे मी वाचनालयात बसून इंग्रजीतून वाचलं होतं आणि शाळाशाळांतून त्यावर भाषणं देत असे. जेवणाच्या सुट्टीत बॉयलरमागच्या लिंबाखाली त्याची तालीम तुझ्यासमोर व्हायची. आपलं ते भांडण तिथलंच.

"दोन माणसं," मी सांगायचो, "एकमेकांपासून लांब. दोघंही तारेतून आवाज पाठवायच्या मागे. आणि दोघांचे कागद एकाच दिवशी पेटंट कचेरीत गेले. एकाचा पुरा अर्ज, दुसऱ्याची नुसती आगाऊ सूचना, की मी असं काहीतरी करतो आहे. टेलिफोन कुणाचा झाला? अर्जवाल्याचा. दुसऱ्याचं नाव आज कुणाला ठाऊक आहे?"

"मला हाय की. तूच सांगतोस रोज."

"थट्टा नको. नावावर करून मिळणार नसेल तर माणूस डोकं कशाला चालवील? आपली गोष्ट जगासमोर मांडायची, ती कशी चालते ते लिहून द्यायचं, आणि त्या बदल्यात काही वर्षं हक्क घ्यायचा. न्यायाचा व्यवहार आहे."

"ओरेय दत्तू," शेंगाच्या चटणीचं बोट चाटत तू म्हणायचास, "तारेला काय ठाऊक, कुणाचा कागद आधी आला? तार दोघांचीबी बोलली असती. मग शिक्का मारणाऱ्या कारकुनालाच टेलिफोनचा बाप म्हण की."

एकदा तू विचारलंस, "पहिल्यांदा टेलिफोनवर काय बोलला म्हणे तो?"

"मदतनिसाला हाक मारली. इकडे ये, म्हणाला."

"बघा! जगातला पयला टेलिफोन, आन् साहेब म्हणतोय हिकडं ये! आन् पलीकडं ज्यानं ऐकलं त्यो? त्याला ऐकूच आलं नसतं तर तुझा साहेब एकटाच बडबडत बसला असता की. बोलणाऱ्याचं नाव झालं. ऐकणाऱ्याचं काय?"

त्या मदतनिसाचं नाव मला ठाऊक होतं. ते पुस्तकात होतं. मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्या दिवशीचं भांडण जिंकला असतास.

आता त्या टेलिफोनबद्दल लिहितो. ज्यांनी साचेखातं पाहिलं नाही त्यांच्यासाठी नीट लिहितो.

शेकडो साचे, म्हणजे कापडाचे माग, एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथले विणकर हातांनी बोलतात. बॉबिन संपली, धागा तुटला, मुकादम आला, पोट दुखतं, सगळ्याला खुणा आहेत. प्रत्येक माणसालाही एक खूण असते, तेच त्याचं तिथलं नाव. तुझी खूण मिशीला पीळ. माझी खूण चष्मा, दोन बोटांची दोन वर्तुळं. खात्याच्या कोपऱ्यात जॉबरची लाकडी केबिन आणि तिच्यात मिलच्या टेलिफोन-बोर्डाला जोडलेला टेलिफोन. तो वाजलेला कळावा म्हणून लाल दिवा लावला होता, पण उचलून उपयोग नसायचा. नुसता खडखडाट. बाहेरचे जाणकार येऊन सांगून गेले होते, की केबिनला आतून गाद्या ठोका.

त्या दिवशी मी अंगणापलीकडच्या बोर्डावरून बोलत होतो आणि तू केबिनमध्ये रिसीव्हर धरून होतास. माझं काही ऐकू येईना म्हणून तू वैतागलास. त्याला ऐकू जाणार नव्हतं तरी शेजारच्या जॉबरला ओरडून सांगायला लागलास, की हा दत्तू फोरमन झाल्यापासून स्वतःला कलेक्टर समजतो. ते मला कळू नये म्हणून बोलायच्या बाजूवर तळहात दाबलास. आणि तेवढ्यात माझा आवाज तुझ्या कानात स्वच्छ आला.

तू अंगण ओलांडून पळत आलास. धापा टाकत होतास.

"दत्तू! खडखडाट बाहेरनं कानात येत न्हाय! आपल्याच तोंडाच्या बाजूनं आत शिरतोय आन् आपल्याच कानात परत येतोय! तोंड दाबलं की ऐकू येतंय!"

"तू तोंड कशाला दाबलं होतंस?"

"तुला शिव्या देत हुतो. त्ये जाऊ दे. चल!"

तासाभरात तू दाराच्या घंटीचं एक बटण आणून रिसीव्हरच्या मुठीला चिंधीने बांधलंस. दाबलं की बोलायची बाजू चालू, सोडलं की बंद. बोलताना दाबायचं, ऐकताना सोडायचं. खात्यातला जो भेटेल त्याला धरून आणून तू ते दाखवलंस. लोक केबिनबाहेर रांग लावून आपल्याच माणसांचे आवाज ऐकत होते. आठवड्यात चिंधी सुटली आणि तुझं लक्ष उडालं. पुढचं मी केलं. मुठीला नीट खाच पाडली, आतली स्प्रिंग आणि पट्ट्या जुळवल्या, नकाशा शाईने काढला. हे मी खोटं सांगत नाही. मी नसतो तर तो टेलिफोन टिकला नसता. पण तू नसतास तर टिकवायला काही नव्हतं.

मी लिंबाखाली तुला म्हणालो, "यावर पेटंट मिळेल."

तू भाकरी मोडत म्हणालास, "घे की. कुणी नको म्हटलंय?"

हे तुझं वाक्य मी इतकी वर्षं ढालीसारखं पुढे केलं. मनातल्या मनात, माझ्याशीच. व्यंकूच म्हणाला होता, घे.

अर्जासोबत एक निवेदन करावं लागतं. या वस्तूचा खरा आणि पहिला शोधक मी आहे, असं. खरा आणि पहिला. दोन माणसांची नावं द्यायलाही हरकत नसते. वकिलांनी विचारलंही, "आणखी कुणी आहे?" मी म्हणालो, "मदतीला एक वायरमन होता." तोंडातून निघालं ते असं सहज, की त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

अर्ज गेला एवढ्यावरच मिलने सत्कार ठरवला. केबिनमध्ये टेलिफोनशेजारी लावायला पितळी पाटी करायची होती. ती करून घ्यायला मीच नवी पेठेत गेलो. अक्षरं कोरणाऱ्याने मजकूर मापून पाहिला आणि म्हणाला, "एकच नाव का दोन? जागा हाय की साहेब, खाली अजून एक ओळ बसतीया."

मी म्हणालो, "एकच. अक्षरं मोठी काढा."

सत्काराला तू नवा सदरा घालून आलास. साचेखात्याच्या वतीने हार तूच घातलास. गळ्यात हार टाकताना माझ्या कानाशी वाकून म्हणालास, "तुझंच बरोबर हुतं, दत्तू. कागद आधी ज्याचा, टेलिफोन त्याचा." आणि हसलास. फोटो नेमका तेव्हाचा आहे. लोक तो पाहून म्हणतात, केवढी दोस्ती.

त्या दिवसानंतर आपण त्यावर एकदाही भांडलो नाही. तू दर रविवारी चहाला येत राहिलास. राजकारण, मिलचा संप, माझ्या बायकोच्या पोह्यांतलं मीठ, सगळ्यावर बोललास. मी वाट पाहत होतो. तू एकदा कप आपटावास, मला चोर म्हणावंस. तू म्हणाला नाहीस. तुझ्या कानाचा मी हेवा केला होता, तुझ्यामागच्या माणसांचा केला होता. आता तुझ्या मोठ्या मनाचा करावा लागला, आणि तो सगळ्यांत कडू होता. माझ्यापाशी पाटी होती आणि तरीही वरचढ तूच होतास.

पुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पेटंट मिळालं नाही. उत्तर आलं, की असं दाबायचं बटण असलेले रिसीव्हर इतरत्र आधीपासून वापरात आहेत, लष्करातही आहेत, यात नवीन काही नाही. ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं, ऐक. आनंद झाला. तूही पहिला नाहीस, याचा. माझं गेलं त्याचं दुःख नंतर आलं.

त्याच्याही नंतर, पुष्कळ नंतर, एक गोष्ट लक्षात आली. ज्याने कुणी परदेशात ते आधी केलं, त्याने तुला शिकवलं नव्हतं. सोलापुरात, त्या केबिनमध्ये, मला शिव्या देता देता ते तुला तुझ्या कानाने कळलं होतं. तू पहिला नव्हतास. पण खरा होतास. मी दोन्ही नव्हतो, आणि सही दोन्हींखाली केली होती.

पाटी मी तशीच राहू दिली. साचेखात्याने मात्र आपला निकाल केव्हाच दिला होता. तुझी मिशीची खूण जाऊन तळहात तोंडासमोर दाबायची खूण आली. आणि माझा चष्मा गेला. मी खात्यात शिरलो की रांगेतला पहिला माणूस मूठ आवळायचा आणि ती खिशात घालायचा, पुढचा तेच करायचा, आणि मी पोचायच्या आत माझं नाव शेवटच्या साच्यापर्यंत गेलेलं असायचं. रिटायर होईपर्यंत मी त्या मुठींमधून चालत गेलो. त्यावर रागवायचीही सोय नव्हती. ऑफिसात तक्रार काय करणार?

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. गल्लीत यंत्रमागांचा आवाज चालूच होता. अंबूवहिनी उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, मी हे सगळं लिहून छापायला देणार आहे. व्यंकूने एका शब्दाने मला कधी टोचलं नाही. एवढं मोठं मन..."

"थांबा भावजी," त्या म्हणाल्या. "मोठं मन? कुनी सांगितलं तुमाला?"

त्यांनीच पुढे सांगितलं.

"त्या सत्कारावरनं आले आन् नवा सदरा काढून चुलीत घातला. मी वढून काढला तवर बाही जळली. जेवताना तुमचं नाव, आंगुळीला तुमचं नाव. शिव्या तरी किती! मराठीतल्या सरल्या की तेलुगूत. मी कट्टाळले की हो. एकदा म्हटलं, मला काय सांगताय? जावा, त्यांच्या तोंडावर सांगा!"

"मग?"

"म्हनाले, सांगितलं तर दत्तू रविवारी चहाला बोलवायचा न्हाय. मग मी भांडू कुनाशी?"

त्या हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मी काय करावं ते न सुचून चपला शोधत राहिलो, त्या पायातच होत्या. दारात त्यांनी मला परत थांबवलं. "लिवा तुमी. पन मोठ्या मनाचे हुते म्हनून नका लिवू. लई चिडके हुते. चिडके लिवा."

लिहिलं.

व्यंकू, तू भांडलास तर. इतकी वर्षं भांडत होतास, रोज, मन लावून, दोन भाषांत. आणि ते सगळं वहिनींना ऐकवलंस. ते भांडण माझं होतं. त्यातली एक शिवीसुद्धा तू माझ्या वाट्याला येऊ दिली नाहीस. घरी परतताना मला वहिनींचाही हेवा वाटला. पण त्याच वाटेवर हलकंही वाटलं. तू माझा हेवा करत होतास. माझ्या पाटीचा, माझ्या फोटोचा. म्हणजे आपण दोघं सारखेच होतो, आणि दर रविवारी समोरासमोर बसून पोह्यांबद्दल बोलत होतो.

आज सकाळी मी मिलमध्ये गेलो. दारवान ओळखीचा, सोडलं त्याने. खिशात स्क्रूड्रायव्हर होता. साचेखात्याचं दार उघडलं तशी तीच जुनी गरम हवा तोंडावर आली. केबिनमध्ये गेलो आणि पाटीचे स्क्रू काढायला लागलो. जॉबर तरुण होता, त्याने तळहात उलटा करून विचारलं, काय चाललंय? मी पाटीकडे बोट दाखवलं. त्याने काचेतून बाहेर पाहिलं आणि मूठ आवळून खिशात घातली.

रांगाच्या रांगा हसल्या. साच्यांच्या आवाजात ते हसू ऐकू येत नाही, फक्त दात दिसतात. त्यांना वाटलं, म्हातारा आता पाटीही घेऊन चालला!

मी ओरडून सांगू लागलो. कुणाला ऐकू जाणार? परत देतो आहे, याची खूण मला येत नव्हती. एवढी वर्षं तिथे वावरून मी नावांच्या आणि हुकमांच्या खुणांपलीकडे काही शिकलोच नव्हतो. शेवटी मी पाटी उतरवली, भिंतीवरच्या मोकळ्या झालेल्या जागेवर बोट ठेवलं आणि तळहात उलटा केला. इथे कोण?

जॉबरने विचारसुद्धा केला नाही. त्याने तळहात तोंडासमोर दाबला. तो भरती झाला तेव्हा तू रिटायर होऊन गेला होतास. तुला त्याने काम करताना कधी पाहिलंही नसेल. तरी तुझं नाव त्याच्या हातात होतं. त्याच्या मागे, काचेपलीकडे, एकेका विणकराचा हात तोंडाशी गेला. मी मान हलवली. मग पाटी खिशात घातली, त्यांच्या देखत, आणि बाहेर आलो. दाराशी वळून पाहिलं तर मुठीची खूण कुणी करत नव्हतं. चष्म्याचीही नाही. सगळे आपापल्या धाग्याकडे वळले होते.

तिथून सरळ नवी पेठेत गेलो. दुकानात आता त्या कोरणाऱ्याचा मुलगा बसतो. त्याला पाटी उलटी करून दिली आणि मजकूर सांगितला: "हे ज्याला ऐकू आलं, तो व्यंकटेश." शोधक हा शब्द घालू नको म्हणालो, त्यावरून पुष्कळ झालं आहे.

त्याने बोटांनी माप घेतलं. बापासारखंच. "साहेब, खाली एका ओळीची जागा राहती. अजून कुणाचं घालायचं का?"

खाच मी पाडली होती. स्प्रिंग मी जुळवली होती. नकाशा माझा होता. तू असतास तर म्हणाला असतास, "घाल की, कुणी नको म्हटलंय?" आणि घरी जाऊन सदरा जाळला असतास. ती मोकळी जागा माझ्या डोळ्यांसमोर चकाकत होती आणि माझं नाव तिच्यात नेमकं बसत होतं, मला अक्षरंसुद्धा दिसत होती.

"नको," मी म्हणालो. "राहू दे तशीच."